कै. बुर्गुल रामकृष्णराव : एका व्यापाऱ्याच्या नजरेतून

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी या वर्षी काहीतरी लिहून द्यावे, असा आग्रह संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकास केला. मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, महाराजगंजात धान्याची घाऊक पेढी चालविणारा मनुष्य. रोजकीर्द, खतावणी आणि प्रसंगी एखादे तगाद्याचे पत्र, एवढेच माझे आजवरचे लेखन. स्मरणिकेत बहुधा कराचे नवे नियम, बाजारपेठेच्या अडचणी किंवा दानशूर सभासदांचा परिचय असे विषय येतात, आणि ते यावेतही. मी मात्र एका राजकारणी पुरुषाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. हे गृहस्थ आपल्या समाजाचे नव्हते, आपली मातृभाषाही त्यांची नव्हती. त्यांच्याशी आमच्या घराण्याचा कधी परिचय नव्हता. तरीही सुलतान बाजारात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराच्या नशिबात त्यांच्या एका निर्णयाचा वाटा आहे, असे माझे मत आहे. हैदराबाद राज्याचे लोकनिर्वाचित असे पहिले व अखेरचे मुख्यमंत्री, कै. बुर्गुल रामकृष्णराव, हे ते गृहस्थ होत.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त घरगुती आहे. गेल्या दिवाळीत आमची तीन पिढ्यांची पेढी वाटली गेली. आम्ही भाऊ तिघे. भांडण नव्हते, कोर्टकचेरीही झाली नाही. मुले मोठी झाली. एकास डाळमिल काढावयाची होती, दुसऱ्यास या धंद्यातूनच बाहेर पडावयाचे होते. थोरलेपणाच्या नात्याने वाटणीपत्र मी करावयाचे, आणि मी ते जवळजवळ दोन वर्षे लांबणीवर टाकीत राहिलो. दुकान उघडताना माणसे हार घेऊन येतात. मिटविताना ज्याचे येणे आहे तोच येतो. चालती पेढी मिटविणे, तीही प्रत्येकाची पै चुकती करून आणि कोणाच्या अब्रूला धक्का न लागू देता, हे काम किती अवघड आहे ते आपल्यापैकी ज्यांनी केले असेल त्यांनाच ठाऊक. त्या दोन वर्षांत मला या माणसाची वारंवार आठवण होई. याने पेढी नव्हे, एक अखंड राज्य मिटविले होते, आणि त्या राज्याच्या गादीवर तो स्वतःच बसलेला होता.

रामकृष्णरावांचा जन्म १३ मार्च १८९९ रोजी महबूबनगर जिल्ह्यातील कलवकुर्ती तालुक्यात पडकल या गावी झाला. घराण्याचे मूळ नाव पुल्लमराजू. शादनगरजवळचे बुर्गुल हे त्यांचे गाव, आणि त्या गावाचेच नाव त्यांस कायमचे लागले. आपल्याकडे गावापुढे ‘कर’ जोडतात, त्यांनी तेवढे जोडले नाही इतकेच. हैदराबादेत धर्मवंत व एक्सेल्सियर या शाळांत शिकून १९१५ साली ते मॅट्रिक झाले. येथपर्यंत त्यांची माझी बरोबरी आहे, पुढे नाही. ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले, गणित घेऊन बी. ए. झाले आणि मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन १९२४ पासून हैदराबादेत वकिली करू लागले. पुण्याच्या त्या वर्षांनी त्यांना उत्तम मराठी दिली. तेलुगू तर घरचीच. त्याखेरीज उर्दू, फार्सी, संस्कृत, कन्नड आणि इंग्रजी. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव हे तरुणपणी त्यांच्या हाताखाली वकिली शिकले. तेही फर्ग्युसनचेच विद्यार्थी आणि मराठीचे जाणते.

त्या काळची एक घटना येथे सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण तिच्यात आपल्या माणसांचा दोष आहे आणि दोष सांगण्यास आपण सहसा तयार नसतो. नोव्हेंबर १९२१ मध्ये आपल्या विवेक वर्धिनीच्या जागेत निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी कर्वे होते. मराठी, उर्दू, इंग्रजी भाषणे झाली. अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. श्रोते बहुतांशी मराठी आणि कानडी होते. ज्या शहराच्या चहूबाजूंस तेलुगू खेडी पसरलेली, जेथील हमाल, गाडीवान, कोष्टी, कुणबी तेलुगू बोलणारे, त्या शहरात तेलुगू बोलण्यास उभा राहिलेला मनुष्य हास्यास्पद ठरला. त्याच रात्री काही तेलुगू तरुण एकत्र जमले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. त्यातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठेस झाले आणि १९३१ साली देवरकोंड्याच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष रामकृष्णराव होते.

मी पन्नाशी उलटल्यावर ही हकीकत प्रथम वाचली, आणि खरे सांगावयाचे तर त्या रात्री मला बेचैन वाटले. भाषावार प्रांतरचनेने आमचे घर तोडले, असे आमचे आजोबा मरेपर्यंत म्हणत. त्या तोडण्याची पहिली कुऱ्हाड आपल्याच सभागृहात, आपल्याच लोकांच्या हशातून उचलली गेली होती, हे त्यांना ठाऊक होते की नाही कोण जाणे.

रामकृष्णरावांनी मात्र त्या हशाचा वचपा कधी काढला नाही. आपल्या सुलतान बाजारातील श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ पासूनचे. त्याच्या कामात त्यांचा हात होता. मराठी पुढाऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, त्याचप्रमाणे झगडाही होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये ते नेमस्त पक्षाचे, तर स्वामी रामानंद तीर्थ जहाल पक्षाचे. १९४६ मध्ये काँग्रेसवरील बंदी उठल्यावर अध्यक्षपदासाठी दोघे समोरासमोर उभे राहिले आणि स्वामीजी अगदी थोड्या मतांनी विजयी झाले. पराभूत झालेला मनुष्य रुसून घरी बसला नाही. स्वातंत्र्यलढ्यात त्यालाही तुरुंग घडला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर १९५० साली वेल्लोडी मंत्रिमंडळात महसूल खाते त्याच्याकडे आले.

त्याच वर्षी हैदराबादचा कूळकायदा झाला. संरक्षित कुळास जमिनीवर हक्क देणारा हा कायदा त्या वेळी देशातील पुढारलेल्या कायद्यांत गणला जाई. तेलंगणात साम्यवाद्यांचा सशस्त्र उठाव चालू असताना जमिनीचा प्रश्न बंदुकीने सुटणार नाही, हे या वकिलाने ओळखले होते. पोचमपल्लीस १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांना भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली, तीही याच भूमीत. आमचे मूळ घर उदगीरचे. तेथील आमच्या जमिनीचा एक तुकडा या कायद्याने कुळाच्या नावे झाला. आजोबा त्याबद्दल रामकृष्णरावांना नावे ठेवीत. ‘वकिलाने सावकाराला बुडविले’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी त्या कुळाच्या नातवास ओळखतो. त्याचा सोयाबीन आमच्याच आडतीवर येत असे. आजोबांचा राग मला समजतो, परंतु त्यात सामील होणे मला जमलेले नाही.

६ मार्च १९५२ रोजी ते मुख्यमंत्री झाले. निजाम त्या वेळी राजप्रमुख होते. म्हणजे कालचा राजा नामधारी आणि शादनगरचा आमदार कारभारी. हे राज्य म्हणजे तीन भाषांचे एकत्र कुटुंब होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे; कानडी मुलखाचे गुलबर्गा, रायचूर व बिदर; उरलेले तेलंगण. १७५ जणांच्या विधानसभेत उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा पाच भाषा ऐकू येत. सभापती काशिनाथराव वैद्य. मंत्र्यांत दिगंबरराव बिंदू, विनायकराव विद्यालंकार, फुलचंद गांधी, देवीसिंग चौहान. पैकी विनायकराव हे केशवराव कोरटकरांचे चिरंजीव, म्हणजे आपल्या शहराचेच. एवढी मराठी माणसे तेलुगू मुख्यमंत्र्याच्या मांडीला मांडी लावून चार वर्षे बसली. त्या चार वर्षांत १९२१ ची आठवण त्याने कोणास करून दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

कारभार सगळा गोड होता असे म्हणता येणार नाही. १९५२ च्या सप्टेंबरात बाहेरच्या नोकरदारांविरुद्ध मुलकी विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले, सिटी कॉलेजापाशी गोळीबार झाला, मुले मेली. मुख्यमंत्री या नात्याने तो डाग त्यांच्याच खात्यावर मांडावा लागेल. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने पाहता तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. सात हाली रुपयांस सहा कलदार हा हिशेब आमच्या वडिलांना झोपेतही तोंडपाठ होता. हाली सिक्का गेला आणि दुहेरी हिशेबाची ती कटकट संपली. करोडगिरीची नाकी टप्प्याटप्प्याने उठली. धान्यावरचे नियंत्रण सैल झाले. त्याचे श्रेय अर्थात दिल्लीच्या रफी अहमद किडवाईंचे, हैदराबादचे नव्हे. परंतु महाराजगंजातील जुनी माणसे तीन-चार वर्षांच्या त्या मोकळ्या श्वासाचा संबंध रामकृष्णरावांच्या कारकीर्दीशी लावीत असत, आणि बाजाराची स्मरणशक्ती अशीच असते. भाव चढला की गादीवर कोण होता एवढेच ती लक्षात ठेवते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबर अखेरीस आपला अहवाल दिला. हैदराबाद राज्य मोडावे. मराठवाडा व कानडी जिल्हे आपापल्या भाषाबंधूंकडे जावेत. तेलंगणाचे मात्र तूर्त वेगळे राज्य राहावे, आणि १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तेथील विधानसभेने दोनतृतीयांश मतांनी ठरविल्यास ते आंध्रात मिळावे, असे आयोगाने सुचविले. वाचकांनी येथे क्षणभर थांबून मुख्यमंत्र्यांच्या जागी स्वतःला बसवून पाहावे. आयोगाची शिफारस मान्य झाली असती, तर हैदराबाद शहर, सचिवालय, विधानसभा आणि मुख्यमंत्र्याची खुर्ची, सर्व काही जागच्या जागी राहिले असते. शिवाय तेलंगणाचा पुष्कळसा लोक वेगळ्या राज्याच्या बाजूचा आहे, हे त्यांनी स्वतः काँग्रेसचे अध्यक्ष ढेबरभाई यांना पत्राने कळविलेही होते. म्हणजे स्वार्थ, सोय आणि स्वतःचे मत, तिन्ही एकाच पारड्यात होते.

दुसऱ्या पारड्यात होती दिल्लीची इच्छा आणि विधानसभेचा कल. १९५५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात विधानसभेत या अहवालावर चर्चा झाली. १४७ सभासद बोलले. त्यांपैकी १०३ जणांनी विशालांध्राचा पक्ष घेतला, २९ जणांनी वेगळ्या तेलंगणाचा, १५ तटस्थ राहिले. हे आकडे नेहमी सांगितले जातात. पण त्या १०३ मध्ये मराठवाड्याचे व कर्नाटकाचेही सभासद होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्यांची गाठोडी बांधून तयार होती, त्यांनी मागे राहणाऱ्यांच्या घराचा निकाल दिला. वाटणीच्या बैठकीत वेगळा होणारा भाऊ उरलेल्या दोघांनी एका चुलीवर राहावे असे सांगून निघून जातो, त्यातला हा प्रकार. मी मराठी आहे, म्हणूनच हे लिहितो.

रामकृष्णरावांनी आपले मत बाजूस ठेवले आणि एकीकरणास संमती दिली. २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत आंध्र व तेलंगणाच्या पुढाऱ्यांचा जो करार झाला, त्यावर तेलंगणाच्या वतीने त्यांनी, के. व्ही. रंगा रेड्डी, मर्री चेन्ना रेड्डी आणि जे. व्ही. नरसिंगराव यांनी सह्या केल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नाहीसे झाले आणि आंध्र प्रदेश अस्तित्वात आला. नव्या राज्याचे मुख्यमंत्री झाले नीलम संजीव रेड्डी.

आमच्या घरात तो दिवस वेगळ्याच कारणाने लक्षात राहिला. ऐन दिवाळी होती. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवून आजोबा आले आणि संध्याकाळी नव्या वहीचे पूजन झाले. वडील त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. वहीच्या पहिल्या पानावर गावाचे नाव लिहिण्याची पाळी आली, तेव्हा राज्य कोणते लिहावे असा प्रश्न वडिलांनी केला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी बोरू घेतला आणि दरवर्षीप्रमाणे ‘मुक्काम हैदराबाद दक्षिण’ असे लिहिले. ती वही परवापर्यंत आमच्याकडे होती. वाटणीत ती धाकट्या भावाकडे गेली.

पुढच्या काळात या ‘दक्षिण’चे किती तुकडे झाले ते आपण सर्वांनी भोगले आहे. उदगीर त्यापूर्वी बिदर जिल्ह्यात होते. ते मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात आले, आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. बिदर व भालकी म्हैसूर राज्यात गेली. तेथे आमच्या आत्या दिलेल्या. आम्ही हैदराबादेत, आंध्र प्रदेशात. एका घरातील तीन माणसे एकही पाऊल न हलविता तीन राज्यांची रहिवासी झाली. विकाराबादमार्गे येणारी उदगीरची गाडी तीच, वॅगनमधील तूर आणि ज्वारी तीच. पण ती आता परराज्यातून येऊ लागली. १९५६ च्याच अखेरीस केंद्रीय विक्रीकराचा कायदा झाला. १९५७ मध्ये तांदळाचे दक्षिण विभाग पडले, पुढे १९६४ च्या टंचाईत प्रत्येक राज्य म्हणजे एक कोठार झाले आणि परवान्यावाचून पोते हलेना. बिल्टी, परवाना, फॉर्म, नाका. रात्र-रात्र रांगेत उभे राहिलेले ट्रक मी स्वतः माझ्या तरुणपणी पाहिले आहेत. एकदा एका नाक्यावर, कोणत्या ते सांगत नाही, तुरीचे आमचे सत्तर पोते पावसात दोन दिवस उभे राहिले आणि त्याला मोड आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन विक्रीकराची नाकी उठली, त्या रात्री मला करोडगिरी उठल्याचे सांगणाऱ्या वडिलांची आठवण झाली. साठ वर्षांनी आम्ही पुन्हा तेथेच आलो होतो.

म्हणूनच आजोबा विचारीत : ज्याने घर मोडू दिले त्याला मोठा का म्हणावे? त्यांच्या मते नेहरूंनाही हैदराबाद मोडण्याची हौस नव्हती. मुख्यमंत्र्याने पाय रोवले असते तर राज्य टिकले असते. मला हे पटत नाही. मराठवाडा महाराष्ट्रात जावा यासाठी आपलेच पुढारी जिवाचे रान करीत होते. स्वामी रामानंद तीर्थांनीच हैदराबादच्या त्रिभाजनाचा आग्रह धरला होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या प्रतिनिधींनीही सह्या केलेल्या होत्या. भागीदारांपैकी दोघे जावयास निघाले असता तिसऱ्याने एकट्याने पेढीचे नाव चालवावे कसे? राज्य टिकविणे रामकृष्णरावांच्या हातात नव्हते. ते मिटविण्याची रीत तेवढी हातात होती, आणि माझ्या मते त्यांची परीक्षा तेथेच करावयास हवी.

त्या परीक्षेत त्यांना पुरे गुण देण्यास मी तयार नाही. खुर्ची सोडली, कटुता वाढविली नाही, तिन्ही भाषांच्या सहकाऱ्यांस सन्मानाने निरोप दिला, येथवर ठीक. परंतु फेब्रुवारी १९५६ चा तो करार व्यापारी भाषेत बोलावयाचे तर कच्ची चिठ्ठी होती. तेलंगणाचे शिल्लक उत्पन्न तेलंगणातच खर्च व्हावे; प्रादेशिक समिती असावी; नोकऱ्यांसाठी बारा वर्षांच्या रहिवासाची अट असावी; मुख्यमंत्री एका भागाचा असल्यास उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असावा; कलमे उत्तम होती. पण कलम मोडल्यास काय, याचे कलमच नव्हते. त्याचे नावच मुळी ‘सभ्य गृहस्थांचा करार’. सही करणारे सर्व सभ्य, म्हणून साक्षीदार, मुद्रांक, जामीन काही नको! नव्या राज्याच्या पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्र्याची जागा भरली गेली नाही, आणि तेव्हाच त्या कागदाची किंमत कळून आली. अनेक वर्षे वकिली केलेल्या माणसाच्या हातून असे व्हावे याचे मला नवल वाटे.

आता तितके वाटत नाही. आमच्या वाटणीपत्रात दुकान, गाळा, येणे, देणे, घरातील चांदीपर्यंत सर्व लिहिले. पण उस्मानगंजच्या वखारीचे भाडे कोणी किती घ्यावयाचे हे तोंडीच राहिले. लिहावयाचे मला सुचले नाही असे नाही. समोर सख्खे भाऊ बसलेले; त्यांच्यापुढे ‘हेही लिहून घेऊ’ म्हणावयास जीभ रेटेना. आज तेवढ्या एका गोष्टीवरून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आमच्यात अबोला असतो. रामकृष्णरावांची जीभही अशीच अडली असेल काय, असे मनात येते. समोर त्यांच्याच पक्षाचे, एका भाषेचे, एका लढ्यातून आलेले पुढारी होते. परंतु माझ्या न लिहिलेल्या कलमाने तीन घरांतील चहा बंद झाला. त्यांच्या कच्च्या कागदापायी १९६९ साली तेलंगण पेटले आणि गोळीबारात तरुण पोरे बळी पडली. त्या आंदोलनाचे नेतृत्व करणारे चेन्ना रेड्डी त्याच करारावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. अखेर २ जून २०१४ रोजी तेलंगणाचे वेगळे राज्य झाले. आयोगाने १९५५ मध्ये सुचविलेलाच पर्याय एकोणसाठ वर्षांनी अमलात आला.

हे पाहावयास रामकृष्णराव नव्हते. १९५६ नंतर ते केरळचे राज्यपाल झाले, १९६० मध्ये उत्तर प्रदेशचे, पुढे राज्यसभेचे सदस्य, आणि सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. खुर्ची सोडल्याची किंमत त्यांना राज्यपालपदाने मिळाली, असे म्हणणारे तेव्हाही होते. ज्याला मुख्यमंत्रीपद आणि राजभवन यांतील अंतर ठाऊक आहे तो असे म्हणणार नाही. एक चालती गादी आहे, दुसरी सन्मानाची बैठक. केरळातील त्यांच्या कारकीर्दीत, त्यांच्या अहवालानंतर, १९५९ च्या जुलैत नंबुद्रीपाद यांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ बरखास्त झाले. स्वतःचे दुकान इतक्या हळुवारपणे मिटविणाऱ्या माणसाच्या हातून दुसऱ्याच्या दुकानास असे टाळे लागावे, ही गोष्ट मला खटकते. या मधल्या काळात आणि त्याआधीही ते संस्कृतातून तेलुगूत भाषांतरे करीत. ‘सौंदर्यलहरी’ हे त्यांपैकी एक. गणिताच्या पदवीधराने हे करावे याचे मला मोठे कौतुक वाटते.

हैदराबादेत त्यांच्या नावाची एक मोठी सरकारी इमारत आहे, बुर्गुल रामकृष्णराव भवन. २०१९ मध्ये जुने सचिवालय रिकामे केल्यावर तेलंगण सरकारचा कारभार काही वर्षे याच इमारतीतून चालला. ३० एप्रिल २०२३ रोजी नव्या सचिवालयाचे उद्घाटन होईपर्यंत. ज्या राज्याची खुर्ची त्यांनी सोडली, त्या राज्याने जन्मास येऊन पाच वर्षे झाल्यावर त्यांच्याच नावाच्या छपराखाली बिऱ्हाड केले. मी त्या काळात परवान्याच्या कामासाठी तेथे दोन-तीनदा गेलो होतो. दारावरच्या शिपायास ‘हे बुर्गुल कोण?’ असे सहज विचारले. तो म्हणाला, ‘जुने कोणी साहेब असतील.’

आपल्या संस्थेच्या सभागृहात मराठी पुढाऱ्यांच्या तसबिरी आहेत, आणि त्या असाव्यातच. त्यांच्या रांगेत खिडकीजवळ एक जागा रिकामी आहे. तेथे रामकृष्णरावांची तसबीर लावावी, अशी माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. या गोष्टीस काही सभासदांचा विरोध होईल, याची मला कल्पना आहे; ते आपले नव्हते, असे म्हटले जाईल. विरोध असणाऱ्यांनी वार्षिक सभेत जरूर बोलावे, मराठीत, तेलुगूत किंवा उर्दूत. तसबिरीचा व चौकटीचा खर्च प्रस्तुत लेखक देईल, आणि या वेळी ही गोष्ट सभेच्या वहीत लिहून घ्यावी, एवढेच सांगणे.